सिझेरियननंतर हॉस्पिटलात किती दिवस राहावं?

थोरलीबहीण
धाकट्या बहिणीचं सिझर ठरलंय. बाळ पायाळू आहे, अजून फिरलेलं नाही, म्हणून डॉक्टरांनी ३९व्या आठवड्यातली तारीख दिली आहे. हॉस्पिटल नाशिकमधलं, छोटं, खासगी. पॅकेज तीन रात्रींचं, चौथ्या दिवशी सकाळी डिस्चार्ज. आमचं माहेर कळवणच्याही पुढे, नाशिकहून गाडीने दोन तासांच्या वर.

आई म्हणते, पोटाचं ऑपरेशन आहे, सात दिवस जागचं हलायचं नाही. बहिणीची जाऊ इंग्लंडात असते, तिला दुसऱ्याच दिवशी घरी पाठवलं होतं, ती म्हणते तीन दिवस म्हणजे चिक्कार. बहीण दोघींचं ऐकून घाबरली आहे आणि रोज रात्री मला फोन करते. मी पुण्यात, नोकरीमुळे आधी फारशी जाऊ शकणार नाही. पॅकेजवर दोन दिवस वाढवून घ्यावेत का? जास्तीचे पैसे भरायची तयारी आहे, पण कशासाठी भरतोय ते कळायला हवं. अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा.

निवृत्त_सिस्टर
मी उपजिल्हा रुग्णालयात प्रसूती वॉर्डात नोकरी केली, त्यावरून लिहिते.

आईचं सात दिवसांचं म्हणणं हवेतलं नाही. आमच्या सुरुवातीच्या काळात टाके काढेपर्यंत सिझरची बाळंतीण वॉर्डातच असायची. आता बहुतेक ठिकाणी विरघळणारे टाके घालतात, कंबरेतून भूल देतात, त्याच दिवशी प्यायला-खायला सुरू करतात आणि दुसऱ्या दिवशी चालवतात. त्यामुळे मुक्काम आपोआप कमी झाला. तरी सरकारी योजनेत सातचा आकडा अजून आहे. जून २०११ मध्ये जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आला, त्यात सरकारी दवाखान्यात नॉर्मलला ३ दिवस आणि सिझरला ७ दिवसांपर्यंत जेवण मोफत. औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त आणि घरी सोडायला गाडीसुद्धा.

आता मुद्द्याचं. आशाताई बाळंतिणीच्या घरी येतात त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी. पण सिझर असेल तर भेटी ७व्या दिवसापासून धरल्या आहेत, कारण तोवर बाई दवाखान्यातच असणार हे गृहीत आहे. तुमची बहीण चौथ्या दिवशी घरी गेली तर मधले दिवस ती कुणाच्याच वहीत नाही. खासगीत बाळंतपण झालं तर गावच्या आशाताईला कित्येकदा पत्ताही नसतो. आणि नेमके हेच दिवस नाजूक असतात. दूध उतरायचं याच दिवसांत, बाळाची कावीळ चढते याच दिवसांत, बाळंतिणीचं बीपी वर जायचं तेही याच सुमारास. तीन की सात हे ठरवण्याआधी चौथ्या-पाचव्या दिवशी आई आणि बाळ दोघांना जाणत्या माणसाने बघायची सोय काय, हे ठरवा.

मी कुणाला सोडायच्या आधी काय बघायचे? नळी काढल्यावर लघवी आपणहून आणि मोकळी झाली का. वारा सरला का, पोट फुगलेलं नाही ना. चोवीस तासांत ताप नाही ना. पॅड किती भिजतंय. ड्रेसिंग कोरडं आहे का. बीपी, डोळ्याची खालची पापणी ओढून रक्त कमी दिसतंय का. दुखणं तोंडाने घ्यायच्या गोळ्यांवर भागतंय का, की अजून इंजेक्शनच लागतंय. आणि संडासापर्यंत एकटी जाऊन येते का. हे सगळं तिसऱ्या दिवशी जुळलं तर तिसऱ्या दिवशी जाऊ दे. नाही जुळलं तर पाचव्या दिवशीही सोडायची नाही.

लेस्टरवासी
जाऊबाईंचं खरं आहे, पण अर्धं सांगितलं त्यांनी. इथल्या मार्गदर्शक सूचनेप्रमाणे बाई नीट सावरत असेल, ताप नसेल, गुंतागुंत नसेल तर २४ तासांनंतर घरी जायचा पर्याय देतात. सगळ्यांनाच दुसऱ्या दिवशी काढतात असं नाही, तीन-चार दिवस राहणाऱ्याही पुष्कळ असतात. माझं आणीबाणीचं सिझर होतं, मी राहिले.

पण घरी सोडलं म्हणजे वाऱ्यावर सोडलं असं इथे होत नाही. मिडवाइफ, म्हणजे बाळंतपणाचं शिक्षण घेतलेली सिस्टर, घरी येते. बाळाचं वजन करते, टाके बघते, दूध पाजताना समोर बसून बाळाने तोंड नीट लावलंय का ते बघते. पाचव्या दिवशी टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तपासणीला पाठवते. रात्री-बेरात्री फोन करायला नंबर असतो. मला रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दहा दिवस पोटात टोचायची इंजेक्शनं घरी दिली होती, ती नवरा टोचायचा. इथला एक दिवस आणि कळवणचा एक दिवस सारखा धरू नका. मिडवाइफ दारात येणार नसेल तर तो हिशोब लागू पडत नाही.

घरचबरं
माझं मत वेगळं आहे. हॉस्पिटलात झोप नावालाही मिळत नाही. पहाटे फरशी पुसायला येतात, मग बीपी, मग चहा, मग शेजारच्या खोलीतले नातेवाईक. माझं नियोजित सिझर होतं, मी ४८ तासांनी हट्टाने घरी आले आणि घरी आल्यावरच मला दूध आलं. स्वतःचा पलंग, आईच्या हातची मऊ खिचडी, बाथरूम स्वच्छ. उगाच दिवस वाढवून जंतुसंसर्गाला आमंत्रण कशाला? पैसेच खर्च करायचे तर घरी मदतीला बाई ठेवा, ते जास्त उपयोगी पडेल.

निवृत्त_सिस्टर
@घरचबरं, सगळं जुळलं असेल तर लवकर घरी जाण्यात काही वावगं नाही, मी तुमच्या बाजूचीच आहे. तुमचं घर हॉस्पिटलपासून किती लांब होतं?

घरचबरं
रिक्षाने दहा मिनिटं. हो, तो फरक आहे खरा.

दोनलेकरांचीआई
घरी आराम मिळतो हे घरावर अवलंबून आहे. माझं पहिलं सिझर सासरी झालं, एकत्र कुटुंब. चौथ्या दिवशी घरी आले आणि दुपारपासून लोक बाळ बघायला. प्रत्येकाला बाळ उठवून दाखवायचं, प्रत्येकाने एक सल्ला द्यायचा. उठताना टाक्यांवर ताण येत होता, पण मोठी माणसं आली की मी उठून बसत होते, कारण कुणी बस म्हणालं नाही तरी झोप असंही म्हणत नव्हतं. पाचवीच्या पूजेला मला पाटावर मांडी घालून बसवलं. त्या रात्री इतकं दुखलं की बाळाला घ्यायला हात पुढे जाईना.

दुसऱ्या खेपेला मी डॉक्टरांना आधीच सांगून ठेवलं की मला पाच दिवस ठेवा. वैद्यकीय कारण काही नव्हतं, भेटायची वेळ संध्याकाळी एक तास हेच माझं कारण. डॉक्टरीणबाईंनी एका शब्दाने विचारलं नाही, ठेवलं. त्या पाच दिवसांत मी बाळाला नीट पाजायला शिकले. ज्यांना घरी आराम मिळणार नाही त्यांनी हॉस्पिटलात जास्त राहायचं मागून घ्यावं, त्यात लाजण्यासारखं काहीही नाही. बहिणीला विचारा की तिला कुठे शांत झोप लागेल. तिच्या मनातलं अजून कुणी विचारलेलंच दिसत नाही.

थोरलीबहीण
@दोनलेकरांचीआई, वाचून थांबले. खरंच विचारलं नाही कुणी. आज विचारते.

अजून एक, आधी लिहायचं राहिलं. तिचा रक्तगट ओ निगेटिव्ह आहे, मेहुण्यांचा पॉझिटिव्ह. याचा मुक्कामाशी काही संबंध?

बालरोग_विदर्भ
संबंध आहे. जन्मल्याबरोबर नाळेतल्या रक्तावरून बाळाचा गट तपासतील. पॉझिटिव्ह निघाला तर बहिणीला अँटी-डी इंजेक्शन (पुढच्या बाळंतपणात बाळाच्या रक्ताला त्रास होऊ नये म्हणून देतात ते) ७२ तासांच्या आत मिळायला हवं. डिस्चार्जच्या गडबडीत राहून जाता कामा नये, कार्डावर नोंद झाली का ते डोळ्यांनी बघा. शिवाय आईचा गट ओ किंवा निगेटिव्ह असेल तर बाळाची कावीळ लवकर आणि जास्त चढू शकते. अशा बाळाला मी घाईने सोडत नाही.

काविळीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण उशिरा आणलेली बाळं दरवर्षी बघतो. पूर्ण दिवसांच्या बाळात ती साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू लागते आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवसांत सर्वांत जास्त असते. म्हणजे चौथ्या दिवशी सकाळी बाळ बरं दिसलं म्हणून सोडलं, तरी अजून चढायची शक्यता असते. खिडकीशी दिवसाच्या उजेडात बाळाला धरा, कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर बोटाने हलकं दाबून सोडा आणि त्या क्षणी त्वचेचा रंग बघा. मग तसंच छातीवर, पोटावर, मांडीवर. पिवळेपणा चेहऱ्याकडून खाली उतरत जातो. तळहात-तळपाय पिवळे दिसले तर रात्र असली तरी निघायचं. पहिल्या २४ तासांत पिवळं दिसलं तर तेही धोक्याचं. सावळ्या बाळात डोळ्यांनी अंदाज चुकतो, म्हणून शंका असेल तर रक्त तपासून घ्यावं. कोवळं ऊन दाखवण्यावर विसंबून राहू नका, लागेल तेव्हा निळ्या लाइटखालीच ठेवावं लागतं.

दूध पुरतंय का, हे शू मोजून कळतं. पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, असं वाढत पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाला सहा किंवा जास्त. काळी शी चार-पाच दिवसांत पिवळी व्हायला हवी. सुरुवातीला वजन थोडं उतरतंच, पण जन्माच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त उतरलं तर लगेच दाखवावं. कळा न येता झालेल्या सिझरमध्ये दूध एखादा दिवस उशिरा उतरू शकतं. तोवर चिकाचं दूध थेंबथेंब मिळतं ते पुरेसं असतं, वारंवार पाजत राहायचं. मध, गुटी, साखरेचं पाणी काहीही नको.

निघण्याआधी बीसीजी, पोलिओचा शून्य (जन्मावेळचा) डोस आणि हिपॅटायटिस बी या लसी झालेल्या असाव्यात, यातली शेवटची शक्यतो २४ तासांत. आणि बाळ पायाळू होतं हे फाइलवर लिहून घ्या. अशा बाळांमध्ये, विशेषतः मुलींमध्ये, खुब्याचा सांधा सैल असण्याचा धोका जास्त असतो. डॉक्टर पाय फिरवून तपासतीलच, पण सहा आठवड्यांच्या सुमारास खुब्यांची सोनोग्राफी करून घ्यावी. मुक्कामाच्या चर्चेत हे विसरलं जातं.

हडसनकाठ
अमेरिकेतलं लिहिते. नव्वदच्या दशकात इथे विमा कंपन्या बाळंतिणींना इतक्या लवकर घरी पाठवायला लागल्या होत्या की शेवटी १९९६ साली कायदाच करावा लागला. नॉर्मलनंतर ४८ तास आणि सिझरनंतर ९६ तास, याच्या आतल्या मुक्कामाचे पैसे विमा कंपनी नाकारू शकत नाही. आई आणि डॉक्टर दोघांना वाटलं तर आधी जाता येतं, पण विम्यासाठी ढकलून देता येत नाही. तास बाळ जन्मल्यापासून मोजतात. मला हा कायदा फार मोलाचा वाटतो, कारण तिसऱ्या रात्री मी रडत होते, दूध येत नव्हतं, आणि नर्सने सांगितलं की उद्या जायचं की नाही ते तू ठरव.

कागदपत्रवाला
भारतात असा कायदा नाही. इथे पॅकेज आणि पॉलिसी ठरवतात. म्हणून आधीच विचारून लेखी घ्या:

पॅकेजमध्ये बालरोगतज्ज्ञांची व्हिजिट धरली आहे का, की वेगळी? एक दिवस वाढला तर खोली, नर्सिंग आणि डॉक्टर मिळून किती? बाळाला लाइटखाली ठेवावं लागलं तर त्याचं बिल वेगळं असतं, ते किती? त्यांच्याकडे ती सोय आहे की दुसरीकडे हलवतात?

विमा नोकरीतून असेल तर मॅटर्निटीची मर्यादा बघा. सिझरचं बिल बऱ्याचदा त्या मर्यादेतच संपतं आणि वाढीव दिवस खिशातून जातात. खोलीच्या भाड्याला मर्यादा असेल आणि तुम्ही वरची खोली घेतली तर फरक फक्त भाड्यापुरता राहत नाही, डॉक्टर आणि ऑपरेशनच्या रकमेतही त्या प्रमाणात कपात होऊ शकते. बाळाला पहिल्या दिवसापासून कव्हर असेल तरी कळवावं लागतं, मेहुण्यांना एचआरचा मेल आधीच तयार ठेवायला सांगा. डिस्चार्जच्या दिवशी टीपीएच्या (विमा कंपनीसाठी दावे बघणाऱ्या संस्थेच्या) मंजुरीत सगळा दिवस जायचा. २०२४ पासून विमा नियामकाने या मंजुरीला तीन तासांची मुदत घातली आहे, ती माहीत असू द्या. बाळंतिणीला कपडे बदलून बिलाच्या काउंटरसमोर बसवून ठेवू नका, मंजुरी येईपर्यंत पलंगावरच राहू दे.

नवाबाबा
बाप म्हणून लिहितो. मुक्कामाच्या रात्री आळीपाळीने माणसं बदलू नका. पहिल्या रात्री मावशी, दुसऱ्या रात्री आत्या असं झालं की प्रत्येकीला औषधं पुन्हा समजावून सांगायची. आमच्याकडे एक वेदनाशामक गोळी अशीच दोनदा दिली जाता जाता राहिली. वही ठेवा. बाळाने कधी प्यायलं, शू कधी, शी कधी, बायकोची कोणती गोळी किती वाजता. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा माझ्याकडे वही होती आणि त्यांनी त्यावरूनच अजून एक दिवस थांबायला सांगितलं, शू कमी भरली म्हणून.

कळवणकर
मी त्या भागातला आहे. नाशिकहून दिंडोरी-वणीमार्गे कळवण, प्रत्येक गावाला दोन-दोन गतिरोधक, काही तर विनारंगाचे. चौथ्या दिवशी टाक्यांना ते सोसत नाही, असं माझी पत्नी अजून सांगते. तुमचं गाव कळवणच्याही पुढे, म्हणजे रात्री बाळ पिवळं वाटलं किंवा ताप आला तर नाशिक गाठायला पहाट होईल. कळवणला उपजिल्हा रुग्णालय आहे, ते तुम्हाला जवळ पडेल, तेव्हा फाइल कायम हाताशी ठेवा.

नाशिकमध्ये कुणी नातेवाईक नाही का? आम्ही डिस्चार्जनंतर पंचवटीत चुलत्यांकडे राहिलो. पाचव्या आणि आठव्या दिवशी रिक्षाने जाऊन दाखवून आलो, मग गावी. हॉस्पिटलचे दिवस वाढवण्यापेक्षा हे स्वस्त पडलं आणि बारसं गावीच झालं.

थोरलीबहीण
मामेभाऊ सिडकोत राहतो! दोन खोल्यांचं घर आहे, पण वहिनी प्रेमळ आहे, नाही म्हणणार नाही. हे डोक्यातच आलं नव्हतं. आई कुरकुर करेल, बाळंतपण दुसऱ्याच्या घरी कशाला म्हणून. तिला मी समजावेन.

बहिणीशी बोलले. ती म्हणाली, मला किती दिवस याची भीती नाही, पहिल्यांदा उठायची भीती वाटते. पोट उघडेल असं वाटतं.

निवृत्त_सिस्टर
ही भीती प्रत्येकीला असते आणि ती पहिल्याच वेळी नीट उठवलं की जाते. सरळ उठून बसायचं नाही. गुडघे वाकवायचे, आख्खं अंग एका कुशीवर करायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि वरच्या हाताने गादीवर रेटा देत उठायचं. दुसरा हात किंवा छोटी उशी टाक्यांवर दाबून धरायची. दोन मिनिटं तसंच बसायचं, चक्कर येते का बघायचं, मग उभं राहायचं. कंबर वाकवून चालायचा मोह होतो, नजर समोर ठेवली की आपोआप सरळ होते. खोकला, शिंक, हसू आलं तरी आधी उशी दाबायची. पोट उघडत नाही, आत थरावर थर शिवलेले असतात. दुखण्याची गोळी दुखायला लागल्यावर घ्यायची नाही, डॉक्टरांनी दिलेल्या वेळेवर घ्यायची, म्हणजे उठणं-बसणं जमतं. बाळाला मांडीवर आडवं न घेता काखेखालून बाजूला उशीवर धरून पाजलं की टाक्यांवर भार येत नाही. हे मुक्कामात सिस्टरकडून दोन-तीनदा करून घ्यावं, घरी कुणाला ते दाखवता येत नाही.

घरी गेल्यावर यातलं काही झालं तर वाट बघायची नाही: ताप किंवा थंडी वाजणं, टाक्यांतून पू किंवा पाणी, भोवती लाल आणि गरम. तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, मोठ्या गाठी, घाण वास. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, दम लागणं. डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, ती दिसली तर आधी बीपी बघायचं. बसलं की डोकं दुखतं आणि आडवं झालं की थांबतं असं असेल तर ते भुलेच्या सुईचं असू शकतं, तेही कळवायचं. टाके बहुधा पहिल्या आठवड्यानंतर चिघळतात, म्हणजे मुक्काम सात दिवसांचा केला तरी घरी बघत राहावंच लागतं.

आणि आईला माझा निरोप. लाडू, खीर, बाळंतशोपा सगळं द्या, पण पाणी तोडू नका. दूध येण्यासाठी आणि संडासला खडा होऊ नये म्हणून पाणी लागतंच. पलंगाखाली शेगडी आणि खोलीभर धूर नको, बाळाच्या छातीला बाधतो. पोट करकचून बांधायचं नाही, डॉक्टरांनी सांगितला तर तेवढाच पट्टा. सहा आठवडे बाळाहून जड काही उचलायचं नाही, पाण्याची बादलीसुद्धा नाही.

थोरलीबहीण
सगळं लिहून घेतलं. शनिवारी बहीण तपासणीला जाते आहे, तिच्याबरोबर मेहुणे ही यादी नेतील. तीन रात्री पॅकेजप्रमाणे, डॉक्टर म्हणाले तर चौथी. मग सिडकोत, पाचव्या-सहाव्या दिवशी दोघांना दाखवायचं आणि रस्त्याला लागायचं ते डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. गावच्या आशाताईंना आईने निरोप दिला आहे. त्या म्हणाल्या, तुम्ही कळवलंत ते बरं झालं, मी नाव लिहून घेते.

आईचा एकच प्रश्न राहिला. अंघोळ कधीपासून घालायची? ती म्हणते टाके सुकेपर्यंत नको.

निवृत्त_सिस्टर
ड्रेसिंग काढलं आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की अंगावर पाणी घेऊन अंघोळ चालते. बरेच डॉक्टर डिस्चार्जच्या आधीच परवानगी देतात. टाक्यांवर साबण चोळायचा नाही, तेल-हळद लावायची नाही, स्वच्छ मऊ कापडाने टिपून पूर्ण कोरडं करायचं. पोटाची घडी टाक्यांवर येत असेल तर तिथे ओल राहते, ती उचलून टिपायची. मालीशवाल्या बाईला पोटाला हात लावू देऊ नका, हात-पाय-पाठ चोळू दे.